स्तनातल्या गाठीची बायोप्सी: जाण्याआधीची तयारी

बायोप्सी लिहून दिली म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. बऱ्याच गाठी फायब्रोअडेनोमासारख्या साध्या निघतात. पण साधी की कर्करोगाची, याची खात्री हाताने चाचपून किंवा सोनोग्राफीवरून होत नाही, तुकडा तपासावाच लागतो.

आधी चिठ्ठी नीट वाचा. एफएनएसी असेल तर बारीक सुईने नुसत्या पेशी ओढतात. कोअर बायोप्सीत जाड, बहुधा 14 गेजच्या सुईने दोऱ्याएवढे तुकडे काढतात. रोग दुधाच्या नळीतच आहे की नळीबाहेर शिरलाय, हे तुकड्यात कळतं, नुसत्या पेशींत नाही. म्हणून संशय असेल तर कोअर का नाही, हे विचाराच. "गाठ काढूनच टाकू, मग तपासू" असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. ऑपरेशन किती मोठं, केमो आधी की नंतर, हे निदानावर ठरतं. आणि सुई लावल्याने कॅन्सर पसरतो या भीतीपायी तारीख पुढे ढकलू नका.

मॅमोग्राफी-सोनोग्राफी आधीच उरकून घ्या, कारण सुईनंतर आत रक्त साकळलं की चित्र गढूळ होतं. ते रिपोर्ट सोबत ठेवा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी पावडर, डिओ नको. कपडे पुढून उघडणारे, नंतर घालायला घट्ट बसणारी ब्रा, सोबतीला बहीण नाहीतर जाऊ. सुई सुटताना खट् आवाज येतो. तो आधी ऐकवायला सांगा, म्हणजे दचकायला होत नाही.

खरी काळजी तुकडा बाहेर आल्यावर घ्यायची. तो लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवा, साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये नाही. डबीवर नाव, वय, तारीख आणि डावी की उजवी बाजू लिहिलीय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कर्करोग निघाला तर ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-2 (पेशी वाढवणारं प्रथिन) याच तुकड्यावर तपासतात, औषध त्यावरून ठरतं. त्यासाठी तो फॉर्मॅलिनमध्ये किमान 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास असावा. डबी तालुक्याहून जिल्ह्याच्या लॅबला जाणार असेल तर शनिवारची वेळ टाळा, रविवार मध्ये फुकट जातो.

नंतर जागा दाबून धरा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, दुखलं तर पॅरासिटामॉल. त्या दिवशी कळशी-हंडा उचलू नका. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर डॉक्टरांना कळवा.

रिपोर्टसोबत ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घ्या, परळच्या टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायचं झालं तर त्या लागतात. सोनोग्राफीत दाट संशय आणि बायोप्सीत "साधी गाठ" असं आलं, तर निश्चिंत होऊन घरी बसू नका. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि तपासणी पुन्हा करायची का, ते विचारा.