निक्सनच्या टेप ऐकायच्या कशा: १९७१ची संभाषणं आणि त्यांच्या शेजारचे कागद

रिचर्ड निक्सन यांनी ओव्हल ऑफिसात इंदिरा गांधींना कोणत्या शिव्या दिल्या, हे २००५ पासून आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शिव्यांच्या मागेपुढे काय बोलणं चाललं होतं, ते मात्र फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. खरं तर घरबसल्या, फुकटात ऐकता येतं. कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथल्या निक्सन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर टेप आहेत, आणि १९७१च्या दक्षिण आशियाविषयीचे बरेचसे लेखी उतारे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाने प्रसिद्ध केले आहेत. अडचण एवढीच, की थेट टेप लावून बसलं की पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो आणि दहाव्या मिनिटाला चुकीचा निष्कर्ष निघतो.

आधी यंत्रणा समजून घ्या. १६ फेब्रुवारी १९७१ ला राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने ओव्हल ऑफिस आणि कॅबिनेट रूममध्ये माइक बसवले. ओव्हल ऑफिसात पाच माइक टेबलात होते आणि दोन शेकोटीजवळ. एप्रिलमध्ये शेजारच्या एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंगमधली निक्सन यांची खोली आणि काही टेलिफोन जोडले गेले, आणि कॅम्प डेव्हिड या राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानाची पाळी १९७२च्या मे महिन्यात आली. म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये कॅम्प डेव्हिडला बसून जे बोलणं झालं ते टेपवर शोधू नका. जुलै १९७३ मध्ये व्हाइट हाउसमधले माजी सहायक अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी वॉटरगेटची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीपुढे हे गुपित फोडलं आणि दोन दिवसांत यंत्रणा बंद झाली. एकूण सुमारे ३,७०० तासांचं रेकॉर्डिंग, त्यातलं साधारण ३,००० तासांचं खुलं.

कॅबिनेट रूम वगळता रेकॉर्डिंग आवाजाने आपोआप सुरू व्हायचं, त्यामुळे संभाषणाचे पहिले एकदोन शब्द अनेकदा कापलेले असतात. शिवाय सोनीच्या यंत्रांवर अतिशय पातळ फीत सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर वेगाने फिरायची. फितीची बचत झाली, पण आवाज बिघडला. कपबशी टेबलावर ठेवली की माइकपाशी दगड पडल्यासारखा आवाज येतो आणि त्याखाली अख्खं वाक्य गडप होतं. म्हणून सुरुवात टेलिफोनच्या टेपपासून करा, कारण त्या सगळ्यांत स्वच्छ आहेत. मग ओव्हल ऑफिस. एक्झिक्युटिव्ह ऑफिस बिल्डिंग आणि कॅबिनेट रूमच्या टेप कान तयार झाल्यावर.

आता काम. तारीख ठरवा, पण टेप उघडू नका. आधी त्या दिवसाची राष्ट्राध्यक्षांची दैनंदिनी उघडा. ही त्यांनी लिहिलेली डायरी नव्हे. कर्मचाऱ्यांनी केलेली ही मिनिटामिनिटाची नोंदवही आहे: कोण आत आलं, कधी बाहेर गेलं, फोन कुणी कुणाला केला. त्यावरून खोलीत कोण होतं याची यादी कागदावर करा. त्यानंतर टेपची विषयसूची घ्या. ती ग्रंथपालांनी केलेली असते आणि तीत विषय असतात, शब्द नसतात. संभाषणाचा क्रमांक दोन भागांचा असतो. ७४१-२ म्हणजे ७४१ क्रमांकाच्या टेपवरचं दुसरं संभाषण (हे २३ जून १९७२ चं, वॉटरगेटचा तपास दाबण्याबद्दलचं, ज्याने पुढे निक्सन यांची खुर्ची घेतली). क्रमांक टिपून ठेवा, नंतर तोच उपयोगी पडतो.

भारतातल्या घटनांशी जुळवताना घड्याळ सांभाळा. नोव्हेंबर-डिसेंबर १९७१ मध्ये वॉशिंग्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे होतं, उन्हाळ्यात साडेनऊ. ३ डिसेंबरला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला, तेव्हा तिथे सकाळचे सव्वासात होत होते. हा हिशेब चुकला की निक्सन यांना बातमी आधीच कळली होती, असले शोध लागतात.

ऐकताना हेडफोन हवेतच. दहा मिनिटांचा तुकडा घ्या. पहिल्या वेळी फक्त कोण बोलतंय ते ओळखा. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांचा जर्मन वळणाचा खर्जातला आवाज लगेच कळतो, व्हाइट हाउसचे कारभारी प्रमुख (चीफ ऑफ स्टाफ) हॉल्डेमन मात्र थोडकं बोलतात आणि निसटतात. दुसऱ्या वेळी लिहा, तिसऱ्या वेळी छापील उताऱ्याशी ताडून पाहा. आधी उतारा वाचून ऐकलंत तर कान तेच शब्द ऐकतात, चुकीचे असले तरी. परराष्ट्र खात्याने छापलेल्या उताऱ्यांच्या खंडांत चौकटी कंसांना अर्थ आहे: सरळ टाइपातला कंस म्हणजे विषय वेगळा म्हणून गाळलेला मजकूर, तिरप्या टाइपातला म्हणजे अजून गोपनीय ठेवलेला. दोन्ही गाळण्या सारख्या समजू नका. टेपमध्येही गुप्ततेसाठी किंवा खासगी म्हणून काढलेले तुकडे असतात. अशी जागा आली की किती वेळ गेला ते लिहून ठेवा.

खोलीतली यादी इथे कामाला येते. टेप चालू आहे हे निक्सन, हॉल्डेमन आणि मोजक्या लोकांना माहीत होतं. किसिंजर यांना माहीत नव्हतं. त्यामुळे निक्सन यांची काही वाक्यं इतिहासासाठी बोललेली असू शकतात. किसिंजर यांची वाक्यं समोरच्या एका माणसाला खूश करण्यासाठी असतात, आणि ते पुष्कळ खूश करतात.

५ नोव्हेंबर १९७१ ची सकाळ घ्या. आदल्या दिवशी इंदिरा गांधींची भेट झालेली. निक्सन चिडून बोलतात, किसिंजर त्यात भर घालतात, आणि वर्तमानपत्रांनी उचललं ते एवढंच. पण त्याच बोलण्यात किसिंजर यांचा हिशेब आहे: बाई कशाही वागल्या तरी आपल्याला हवं ते मिळालं, अमेरिकेने थंड स्वागत केलं म्हणून नाइलाजाने युद्धात उतरले, असं त्यांना घरी जाऊन म्हणता येणार नाही. या भेटीकडून व्हाइट हाउसला काय हवं होतं ते इथे कळतं. शिव्या लिहून घ्यायच्या असतील तर घ्या, पण पेन या हिशेबाच्या ओळीवर थांबवा.

तरीही टेपवरचं बोलणं म्हणजे निर्णय नव्हे. सही असलेला कागद मिळाल्याशिवाय 'निक्सन यांनी ठरवलं' असं लिहू नये, हा नियम आमच्या मते मोडू नये असा एकमेव. एप्रिल १९७१ च्या अखेरीस किसिंजर यांनी पूर्व पाकिस्तानाबाबत तीन पर्यायांचं टिपण पाठवलं. निक्सन यांनी तिसऱ्यावर, म्हणजे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांना समझोत्यासाठी मदत करण्यावर, मान्यता दिली आणि खाली हाताने लिहिलं: सर्वांसाठी, या घडीला याह्यांवर दाब आणू नका. त्यातल्या 'नका'च्या इंग्रजी शब्दाखाली तीन रेघा आहेत. ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्य दूत आर्चर ब्लड यांची, पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर अमेरिका गप्प असल्याच्या निषेधाची तार ६ एप्रिलची. त्या तारेनंतर काही आठवड्यांनी मारलेल्या या तीन रेघांची बरोबरी कुठलीही टेप करत नाही. जुलैतल्या किसिंजर यांच्या गुप्त पेकिंग (बीजिंग) भेटीची वाट याह्यांच्या मार्फत जात होती, हे सोबत ठेवलं की त्या रेघांचं वजन कळतं.

पत्रकारांना काय सांगितलं आणि आत काय चाललं होतं, हे ताडायचं असेल तर तीन कागद शेजारी ठेवा. ३ डिसेंबरच्या बैठकीत किसिंजर अधिकाऱ्यांना सांगतात, की भारताशी आपण पुरेसे कडक नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाने माझ्यावर उखडतात, त्यांना पाकिस्तानच्या बाजूने झुकायचंय. ७ डिसेंबरला तेच किसिंजर पत्रकारांना नाव न छापण्याच्या बोलीवर सांगतात, की सरकार भारतविरोधी नाही. मग बैठकीचं इतिवृत्त स्तंभलेखक जॅक अँडरसन यांच्या हाती लागलं, त्यांनी ते छापलं आणि १९७२ चं पुलित्झर मिळवलं. आता त्या आठवड्यातल्या टेप ऐका. सल्लागार राष्ट्राध्यक्षांचा राग खाली पोचवताना किती वाढवतो आणि बाहेर सांगताना किती झाकतो, ते मोजता येतं.

एका दिवसाच्या टेपवर विसंबू नका, हेही पत्रकारांच्याच प्रकरणात दिसतं. व्हिएतनाम युद्धाविषयीची अमेरिकी सरकारची गुप्त कागदपत्रं ('पेंटागॉन पेपर्स') न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून १९७१ ला छापायला घेतली. त्या दुपारी किसिंजर यांचे दुय्यम अलेक्झांडर हेग यांच्याशी फोनवर बोलताना निक्सन यांनी मजकूर वाचलेलाही नव्हता. तीनच्या सुमारास किसिंजर यांच्याशी बोलताना आवाज चढतो, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी ॲटर्नी जनरल मिचेल यांना वृत्तपत्राला इशारा द्यायला होकार मिळतो. तिन्ही फोन एकापाठोपाठ ऐका, मधले सोडू नका.

टेप नसलेल्या तासांसाठी हॉल्डेमन यांची रोजची डायरी वापरा. डिसेंबर १९७० पासून ती बोलून रेकॉर्ड केलेली आहे. किसिंजर आणि परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांचं भांडण तिच्यात पानोपानी आहे. त्याखेरीज निक्सन यांना रोज मिळणारा बातम्यांचा गोषवारा पाहा. समासात त्यांनी स्वतःच्या हाताने हुकूम खरडलेले असतात, आणि कुठल्या बातमीने ते बिथरले हे तिथे सर्वांत लवकर सापडतं. भारताची बाजू तपासायला दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात इंदिरा गांधींचे तेव्हाचे मुख्य सल्लागार पी. एन. हक्सर यांचे कागद आहेत.

लिहिताना संभाषणाचा क्रमांक, ठिकाण, तारीख, वेळ आणि उतारा कुणाचा, एवढं द्यावंच. स्वतः ऐकलेलं असेल तर तसं म्हणा, आणि जिथे कळलं नाही तिथे 'अस्पष्ट' लिहून पुढे जा. शब्द जुळवून वाक्य पूर्ण करायचा मोह फार होतो, विशेषतः वाक्य भारताबद्दल असेल तेव्हा.