जुन्या कागदावरची उंची वाचायची कशी?

जुन्या लष्करभरतीच्या रजिस्टरात, जेलच्या नोंदीत किंवा गिरमिटियांच्या (करारावर परदेशी नेलेल्या मजुरांच्या) कागदांवर उंची लिहिलेली सापडते आणि लोक "बुटके होते बुवा" म्हणून पान उलटतात. असं नका करू प्लीज, त्या आकड्यात त्या माणसांचं अख्खं बालपण असतं, पोटभर जेवण मिळालं का, सारखे जुलाब-ताप यायचे का, लहानपणीच कामाला जुंपलं का, सगळं.

आधी युनिट चेक करा. नेपोलियनची उंची ५ फूट २ इंच लिहिली म्हणून तो जगभर बुटका ठरला, पण ते फ्रेंच माप होतं, त्यांचा इंच २.७ सेमीचा, म्हणजे जवळपास १६८ सेमी, त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत अजिबात कमी नाही.

मग वय. तेव्हा अर्धपोटी वाढलेली पोरं विशीनंतरही वाढायची, त्यामुळे १८ वर्षांच्या शिपायाची उंची फायनल धरू नका. आणि आकडे मोजल्याच्या सालाप्रमाणे नाही, जन्मसालाप्रमाणे लावा, कारण उंचीत बालपण दिसतं, हे सगळ्यात महत्त्वाचं! अमेरिकेत १८३० नंतर जन्मलेल्यांची सरासरी उंची घटत गेली, आणि तेव्हा देशाचं उत्पन्न तर वाढत होतं. कारणांवर अजून वाद आहे पण दाटीची शहरं, घाण पाणी, प्रवासाबरोबर पसरणारे रोग आणि महागलेलं दूध-मांस ही नावं कायम येतात. नुसते पैशाचे आकडे बघितले असते तर हे कळलंच नसतं, म्हणून मला उंचीचा डेटा इतका मोलाचा वाटतो.

मोजलं कोणाला तेही बघा. सैन्यात किमान उंचीची अट असली की बुटके रजिस्टरात येतच नाहीत आणि सरासरी उगाच फुगते. नेदरलँड्समध्ये सक्तीच्या भरतीसाठी जवळपास सगळ्याच तरुणांना मोजायचे म्हणून तिथला डेटा भारी आहे, १९व्या शतकाच्या मध्यात साधारण १६५ सेमी आणि आता १८३ च्या आसपास. दीडशे वर्षांत जीन्स एवढे बदलत नाहीत हो.

एकट्या माणसावरून मात्र काही ठरवू नका, तिथे आई-बापाची उंची आड येते, शंभरेक जण तरी गोळा करा. पूर्वज मॉरिशसला गेले असतील तर मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या नोंदी आहेत, तिथून जन्मसाल, गाव, उंची अशी शीट बनवायला घ्या, बायकांची वेगळी.