ओंब्या भरताना लोळणारा गहू: माझा अनुभव

नाशिक जिल्ह्यातील आमच्या काळ्या, बागायती जमिनीत सलग तीन हंगाम गहू ओंब्या भरताना लोळत असे. बुंध्याजवळची कांडी बोटांत धरली, तर ती फिकट, लांबट आणि दाबताच चपटी होणारी लागे. हातातोंडाशी आलेले पीक आडवे झालेले पाहणे फार जिवाला लागते.

एका वर्षी शेवटचे पाणी तोडले, तर दाणा चिमला. पुढच्या वर्षी युरिया निम्मा केला, तर खालची पाने पिवळी पडून फुटवेच कमी आले. दोष युरियातून मिळणाऱ्या एकूण नत्रात (नायट्रोजनमध्ये) नव्हता. तो नत्र देण्याच्या वेळेत आणि दोन ओळींत जेमतेम १५ सेंमी अंतर ठेवून केलेल्या दाट पेरणीत होता, कारण दाटीत ऊन बुंध्यापर्यंत पोचत नाही आणि ताटे उजेडासाठी उंच वाढून कमजोर होतात.

यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वाफसा येताच, पाभरीच्या फणांतील अंतर २२.५ सेंमी ठेवून, एकरी ४० किलो बियाणे ५ सेंमी खोल पेरले. पेरतानाच ५२ किलो युरिया (बियाण्याला लागू न देता), १५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २७ किलो पोटॅश दिले. २१व्या दिवशी, मुकुटमुळे (जमिनीलगत बुंध्यातून निघणारी मुळे) फुटताना, खुरपणी करून आणखी ५२ किलो युरिया ओळींत दिला आणि लगेच पाणी सोडले. त्यानंतर युरियाला हात लावला नाही. पूर्वी कांडी धरताना (खोड उंच वाढू लागताना) मी जादा युरिया देत असे, तेच नडत होते. ओंब्या भरतानाचे पाणी वारा पडल्यावर, हलके दिले. काढणीपर्यंत पीक उभे राहिले.

डिसेंबरमध्ये उशिरा पेरणाऱ्यांनी मात्र अंतर १८ सेंमीच ठेवावे, कारण तेव्हा फुटवे कमी येतात.