वाढते आहे ते नक्की काय?

यकृताच्या कर्करोगावर रुग्णागणिक वेगळे उपचार शोधता यावेत म्हणून त्याच्याच गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामात जे नव्याने येतात, त्यांना मी आधी एवढेच सांगते की, औषधांची चाचणी लावण्यापूर्वी वाढते आहे तो खरोखर कर्करोगच आहे, याची खात्री करून घ्यावी.

सुरुवातीच्या काळात मी बायोप्सीतून आलेला सुतासारखा बारीक तुकडा विकरांनी सुटा करून त्यातल्या पेशी मॅट्रिजेलच्या थेंबांत बसवल्या होत्या. हे जेल बर्फावर पातळ असते आणि ऊब लागताच घट्ट होते, म्हणून पिपेटची टोकेसुद्धा आधी गार करून ठेवावी लागतात. काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पातळ भिंतींचे, आतून पोकळ, पारदर्शक फुगे दिसू लागले आणि ते झपाट्याने वाढताना पाहून मला मनापासून आनंद झाला. जनुकीय तपासणीत मात्र मूळ गाठीतले उत्परिवर्तन त्यांत सापडलेच नाही. ती पित्तनलिकेच्या निरोगी पेशींची वाढ होती. अशा पेशी या माध्यमात चटकन फोफावतात आणि गाठीच्या पेशी मागे पडतात.

नावावर विसंबणेही धोक्याचेच. हेपजी२ ही सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणारा पेशींचा वाण, वर्षानुवर्षे प्रौढांच्या यकृत-कर्करोगाची म्हणून वापरली गेली, पण ती मुळात हेपॅटोब्लास्टोमा या मुख्यतः लहान मुलांत आढळणाऱ्या गाठीची आहे, हे पुढे लक्षात आले.

संशोधिका मेरिटक्सेल हुक यांच्या गटाने २०१७ मध्ये यकृताच्या प्राथमिक कर्करोगांपासून ऑर्गनॉइड, म्हणजे जेलमध्ये वाढणारे पेशींचे छोटे त्रिमितीय गोळे, वाढवून दाखवले. पाठोपाठ २०१८ मध्ये सुईच्या बायोप्सीपासूनही ते जमले, परंतु यकृतपेशींच्या कर्करोगाच्या सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांतच, आणि तेही आक्रमक गाठींपासून. त्यामुळे आपला नमुना वाढला नाही, तर हात चुकला असे लगेच मानू नये. आणि वाढलेल्या नमुन्यांवरून सगळ्या रुग्णांविषयी बोलूही नये. उंदरांत गाठ रुजवण्याचा मार्ग आहेच, पण त्याला महिने लागतात आणि रुग्णाकडे तेवढा वेळ असतोच असे नाही.

आणखी एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधांच्या जोडीसारखे उपचार प्रतिकारपेशी व रक्तवाहिन्यांच्या आधारे काम करतात. नुसत्या ऑर्गनॉइडमध्ये यांपैकी काहीच नसते, त्यामुळे तिथे अशा औषधाचा परिणाम दिसला नाही, तरी त्या नकाराला अर्थ नाही.

आता मी पहिल्याच उपसंवर्धनात, म्हणजे वाढलेल्या पेशी वेगळ्या करून नव्या जेलमध्ये लावताना, काही कुप्या गोठवते, थोडा भाग मेणात बसवून त्याचे काप मूळ बायोप्सीच्या कापांशेजारी ठेवून पाहते, आणि उत्परिवर्तने जुळल्याचा अहवाल हाती आल्यावरच औषधांच्या चाचणीची ताटली लावते.