कुलूप उघडण्याचा छंद: विजेची पिक की हाताची? या चुका टाळा

सुई थरथरते, आवाज भरपूर होतो, कुलूप मात्र ढिम्म. इलेक्ट्रिक पिक, म्हणजे किल्लीऐवजी कुलपात थरथरणारी सुई घालणारं हत्यार, घेतलेल्या बहुतेकांची पहिली संध्याकाळ अशीच जाते आणि दोष हत्याराला दिला जातो. खरा घोळ बहुधा दुसऱ्या हातात असतो, कुलूप फिरवण्यासाठी ताण देणाऱ्या.

एक अट आधीच. कुलूप स्वतःचं हवं आणि ते वापरातलं नको. विजेच्या सुईच्या ठोक्यांनी पितळी पिनांची टोकं चेपतात, मग मूळ किल्लीही खरखरत फिरते. ही हत्यारं बाळगण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते खरेदीआधी बघून घ्या.

ताण जास्त देणे

पिन टम्बलर कुलपात किल्लीसोबत फिरणारा गोल भाग म्हणजे प्लग. त्याच्यावर ओळीने असलेल्या प्रत्येक खाच्यात दोन पिना असतात: किल्लीला टेकणारी की-पिन आणि तिच्यामागे स्प्रिंगने दाबलेली ड्रायव्हर पिन. विजेची सुई की-पिनला ठोका देते. कॅरमची सोंगटी दुसरीला चिकटून असली की एकीला बसलेला मार दुसरीला उडवतो, तसंच इथे होतं. की-पिन जागेवर राहते, ड्रायव्हर उडते आणि दोघींमध्ये क्षणभर फट पडते. ही फट सगळ्या खाच्यांत एकाच वेळी शिअर लाइनवर, म्हणजे प्लग आणि बाहेरची नळी यांच्यामधल्या सीमेवर आली, तर त्या क्षणी प्लग फिरतो.

आता ताण जोरात असेल, तर ड्रायव्हर पिन प्लग आणि बाहेरच्या नळीच्या मध्ये चिमटली जाते. चिमटलेली पिन उडणार कशी? उलट ताण अजिबात नसेल, तर फट पडते, मिटते आणि प्लग तिथेच. म्हणून आधी सुई सुरू करा, मग एका बोटाच्या टोकाने टेन्शनरला (प्लगला ताण देणाऱ्या वाकड्या पट्टीला) नुसता भार द्या आणि तो सतत न ठेवता हलकेच वाढवत-सोडत राहा. दोन-तीन सेकंदांत काही झालं नाही तर थांबा, ताण पूर्ण सोडा. सोडताना पिना टकटक करत परत बसल्या, तर त्या अडकल्या होत्या. पुढच्या वेळी ताण आणखी कमी.

सुई दाबून धरणे

सुई पिनांना समांतर, जेमतेम टेकेल इतकीच हवी. दाबून धरली की तिला झोका घ्यायला जागा उरत नाही, मोटार नुसती घुरघुरते. सुई शेवटच्या पिनेखालपर्यंत पोचली पाहिजे, पण मागच्या भिंतीला टेकता कामा नये. घासल्यासारखा कर्कश आवाज आला तर ती किल्लीच्या खाचेच्या कडेला लागते आहे. झोका कमी-जास्त करणारा स्क्रू असेल तर अगदी कमीपासून सुरू करा. बॅटरी उतरली की ठोका मंदावतो आणि आपण नकळत ताण वाढवतो, म्हणून चार्ज आधी बघा. वाकलेली सुई सरळ करून वापरू नका, ती आत तुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पिना खाली असलेल्या सिलिंडरमध्ये (प्लग, नळी आणि पिना मिळून होणाऱ्या भागात) सुईही खालच्या बाजूला वळवावी लागते. हे विसरलं जातं, आणि मग तासभर रिकाम्या बाजूला ठोके बसत राहतात.

टेन्शनर चुकीच्या जागी

रुंद टेन्शनर खाचेच्या तळाशी घुसवला की सुईला जागाच राहत नाही. पिनांच्या बाजूला, खाचेच्या तोंडाशी बसणारा चपटा टेन्शनर बरा. मात्र त्याचं टोक लांब असेल तर ते पहिल्या पिनेलाच दाबतं. थोडं कानसून घ्या.

प्रत्येक कुलपावर एकच हत्यार

लिव्हर आणि डिस्क कुलपांत अशा पिनाच नसतात, तिथे विजेची सुई निरुपयोगी. खरी पंचाईत स्पूल पिनांची. मधे बारीक, दोन्ही टोकांना जाड अशी ही पिन ठोक्याने अर्धवट वर जाते, प्लग काही अंश फिरतो आणि थबकतो. "उघडलंच!" म्हणून लोक इथे ताण वाढवतात. तो इथे कमी करायचा असतो. सुई बाहेर काढा, तो हलका ताण तसाच राखून हाताचा हुक (टोक वळलेली साधी पिक) घाला आणि एकेक पिन चाचपा. जिला उचलताना प्लग किंचित उलटा फिरू पाहतो, ती स्पूल. तेवढा उलटा फिरू द्या, पिन पुढे सरकून बसेल. हे काम विजेची पिक करू शकत नाही, कारण तिला काही जाणवत नाही.

म्हणूनच सुरुवात हाताच्या हत्यारानेच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक साधा हुक आणि दोन-तीन जाडीचे टेन्शनर एवढं पुरे; वीस-तीस तुकड्यांचा संच लागत नाही. हुकच्या कडा खरखरीत असतील तर 400, मग 600, मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. खडबडीत कडेची खरखर पिनेची म्हणून वाटते.

हाताने उघडताना

पारदर्शक कुलपावर शिकू नका. तिथे डोळे शिकतात, बोटं नाही. सुट्या पिनांचं सिलिंडर घ्या आणि दोनच पिना ठेवून सुरुवात करा. ताणाखाली एक पिन घट्ट लागते, बाकीच्या स्प्रिंगसारख्या लवचिक. घट्ट असलेलीच हळू उचला, बारीक टक् झाली की थांबा. आणखी ढकललं तर की-पिनच शिअर लाइनमध्ये अडकते. मग ताण जरा सोडून तिला खाली येऊ द्या. सिलिंडर खोलताना प्लगच्याच जाडीचा दांडा मागून सरकवत न्या, नाहीतर स्प्रिंगा खोलीभर उडतात.

उघडलं, पण पुढे फिरेना

प्लग अर्धा फिरून उलटा झाला की ड्रायव्हर पिना खाचेच्या उघड्या तळात घसरू शकतात. मग तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही. जोर लावू नका. हुकची सपाट पाठ खाचेत घालून पिना आत दाबून धरा आणि प्लग हळू फिरवा.