कोटेशन आलं की आधी टेप काढा

बाथरूम नव्याने करायचं कोटेशन आलं की शेवटचा आकडा नंतर बघा, आधी स्वतः माप घ्या. 8 बाय 5 फुटांच्या बाथरूमची फरशी 40 चौरस फूट. भिंतींचा घेर 26 फूट. 7 फुटांपर्यंत टाइल्स म्हणजे 182, त्यातून अडीच फुटी दरवाजाचे साधारण 17 वजा. एकूण 205च्या आसपास. कोटेशनमध्ये 260 दिसले, तर चौरस फुटाच्या कमी दराला भुलू नका, वाढवलेल्या मापात तो भरून निघतो. वेस्टेज, म्हणजे कापताना-फुटून वाया जाणारा माल, टाइल्सच्या खरेदीत धरावं, मजुरीत नाही. तोडफोड, डेब्रिज उचलणं, वॉटरप्रूफिंग, 18 टक्के जीएसटी हे सगळं आत धरलंय की वेगळं, ते लिहूनच घ्या. नुसतं ‘लमसम’, म्हणजे तपशील न देता सगळ्याचा एकच आकडा, लिहिलेलं कोटेशन मी तरी परत पाठवते.