या चुका टाळा: कामाचे मेल आणि त्यांची कागदपत्रे एकत्र जपताना

कराराची अंतिम प्रत एका फोल्डरमध्ये असते, तिचा आधीचा मसुदा दुसऱ्याच ठिकाणी असतो आणि मधला बदल कोणी, कधी व कोणत्या अटीवर मान्य केला हे सांगणारा मेल तिसऱ्याच सहकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडून असतो. दोन वर्षांनी शंका निघाली की कागद हाती लागतो, पण त्यामागचा निर्णय लागत नाही. जुन्या नस्तीत पत्र आणि त्याची सहपत्रे एकाच दोऱ्यात ओवलेली असत. संगणकावर आलो तेव्हा तो दोरा आपण सोडून दिला, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

पहिली चूक वर्गीकरणाची आहे. मेल पाठवणाऱ्याच्या नावाने लावले जातात आणि कागदपत्रे कामाच्या नावाने, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही. प्रत्येक कामाला एक छोटा क्रमांक द्यावा आणि तोच मेलच्या फोल्डरला, कागदपत्रांच्या फोल्डरला आणि शक्य असल्यास मेलच्या विषयातही लिहावा. उपफोल्डरांची उतरंड मात्र रचू नये. चौथ्या पातळीवर ठेवलेला मेल ठेवणाऱ्यालाही आठवत नाही.

सर्वांत जास्त नुकसान एका सोयीस्कर समजुतीने होते, ती म्हणजे शेवटचे उत्तर जपले की आधीचे सगळे त्यात आलेच. उत्तराखाली जुना मजकूर दिसतो हे खरे, परंतु उत्तर देताना मूळ मेलची अटॅचमेंट सहसा पुढे जात नाही. ती फॉरवर्ड करताना जाते. शिवाय दोघांनी एकाच मेलला स्वतंत्र उत्तरे दिली की संभाषणाला दोन फांद्या फुटतात आणि शेवटच्या मेलमध्ये त्यांतली एकच दिसते. म्हणून ज्या मेलसोबत दस्तऐवज आला तो मेल आणि ज्या मेलमध्ये संमती मिळाली तो मेल, असे किमान दोन मेल स्वतंत्रपणे जपावेत.

अटॅचमेंट उतरवून घेऊन मेल काढून टाकणे हीदेखील तशीच चूक आहे, कारण मग ती फाइल कोणी, कधी पाठवली याचा मागच उरत नाही. जागेची अडचण समजण्यासारखी आहे. अटॅचमेंट मेलमध्ये मजकुराच्या रूपात सांकेतिक केली जाते आणि त्यामुळे तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. तरीही मेल काढण्याऐवजी तो ईएमएल स्वरूपात कामाच्या फोल्डरमध्ये जतन करावा; त्यात मजकूर, शीर्षमाहिती (मेल कोणाकडून, कधी, कोणत्या मार्गाने आला याची नोंद) आणि अटॅचमेंट एकत्र राहतात आणि तो अनेक मेल प्रोग्रॅममध्ये उघडतो. केवळ पीडीएफ छापून ठेवली तर वाचायला सोपी पडते, पण तिच्यात मेलचा मार्ग सांगणारी शीर्षमाहिती नसते आणि अटॅचमेंटही बहुधा गळते.

लिंकच्या बाबतीत तर मेल जपूनही हाती काही लागत नाही. जीमेलमध्ये अटॅचमेंटची मर्यादा 25 एमबी आहे. त्याहून मोठी फाइल गूगल ड्राइव्ह या ऑनलाइन साठ्यावर चढते आणि मेलमध्ये तिची फक्त लिंक जाते. मालकाने परवानगी काढून घेतली किंवा त्याचे खाते बंद झाले की लिंक निकामी होते. फाइल तशीच राहिली तरी तिच्यात नंतर बदल झालेला असू शकतो, म्हणजे आज उघडणारा दस्तऐवज त्या दिवशी मान्य झालेला दस्तऐवजच असेल याची खात्री नसते. लिंक आली त्याच दिवशी प्रत उतरवून मेलशेजारी ठेवावी.

फाइलचे नाव तारखेपासून सुरू करावे आणि ती 2024-03-18 अशी, वर्ष आधी घेऊन लिहावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ही तारीख मेल पाठवल्याची असावी, जतन केल्याची नव्हे. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम चिन्ह, म्हणजे कोलन, चालत नाही, त्यामुळे उत्तराच्या मेलला आपोआप लागणाऱ्या ‘आरई:’ने सुरू होणारा विषय जसाच्या तसा नाव म्हणून वापरता येत नाही. फोल्डरांसह संपूर्ण मार्ग 260 अक्षरांच्या पुढे गेला, तर फाइल कॉपी करताना किंवा उघडतानाही अडचण येऊ शकते. लांबलचक विषय निम्मा कापण्यात काहीच बिघडत नाही.

आता बॅकअपविषयी. आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल सर्व उपकरणांवर सारखेच ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडलेल्या खात्यात फोनवर पुसलेला मेल संगणकावरूनही जातो, म्हणून अनेक उपकरणांवर मेल दिसणे म्हणजे बॅकअप नव्हे. जीमेलमधील अर्काइव्ह हे बटणही मेलवरचे इनबॉक्सचे लेबल काढण्यापलीकडे काही करत नाही. मेल त्याच खात्यात राहतो. आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवून ठेवणारी फाइल, नेटवर्कवरील सामायिक ड्राइव्हवरून थेट चालवू नये, कारण त्यामुळे ती बिघडण्याचा धोका असतो. आउटलुकचीच ओएसटी फाइल तर सर्व्हरवरील मेलची स्थानिक प्रत असते; तिथे पुसलेला मेल तिच्यातूनही जातो. तिचा बॅकअप घेऊन निश्चिंत होणे व्यर्थ आहे.

जपलेला मेल सापडतच नसेल तर आधी शोधाची व्याप्ती तपासावी, कारण पुष्कळदा शोध फक्त चालू फोल्डरपुरता मर्यादित असतो. दस्तऐवज स्कॅन केलेला असेल तर तो केवळ चित्र असतो, आणि त्यातील अक्षरे ओळखून घेतल्याशिवाय त्यातला शब्द शोधाला सापडत नाही. काम संपले की फोल्डर बंद करण्यापूर्वी त्यातील एखादा मेल दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या खात्याने, अटॅचमेंटसह उघडून पाहावा. तो उघडला नाही, तर मूळ मेल अजून इनबॉक्समध्ये असतानाच चूक दुरुस्त करता येते.